पहिल्या रात्रपाळीची सोबत

आज 12 मे. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा जन्मदिवस, म्हणून जागतिक परिचारिका दिन. नर्सिंग कॉलेजांत आज दिवे उजळतील, मुली सेवेची शपथ घेतील. उद्या त्या वॉर्डात उभ्या राहतील तेव्हा त्यांच्या शेजारी कोण असेल, हे आजच विचारायला हवे.

नवी सिस्टर पहिल्यांदा एकटीने नाइट करते, तेव्हा एकाचे सलाइन संपत आलेले असते, दुसऱ्याचा ताप चढलेला, तिसऱ्याचे नातेवाईक तावातावाने जाब विचारत असतात. सकाळी पुढच्या पाळीला ओव्हर देताना काही राहिले, तर बोलणी तिनेच खायची. रुग्णाशी दोन शब्द बोलावेत, हे ती शिकून आलेली असते. इथे त्याचे नाव लक्षात ठेवायलाही उसंत नसते. अमेरिकेत मार्लिन क्रेमर यांनी 1974 मध्ये या धक्क्याला ‘रिअ‍ॅलिटी शॉक’ म्हटले. या मुली कष्टाला भीत नाहीत. जसे शिकलो तसे करता येत नाही, याने त्या खचतात.

मग कोणी आखातात जाते, कोणी हा पेशाच सोडते. तिच्या वाट्याच्या खाटा उरलेल्यांवर येतात आणि पुढच्या नवख्या मुलीची पहिली रात्र आणखी जड होते. त्यात पगारही तुटपुंजा. सर्वोच्च न्यायालयाच्या 2016 च्या आदेशानंतर नेमलेल्या समितीने 50 पेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयांतही किमान 20,000 रुपये वेतनाची शिफारस केली; त्याहून कमी पगारावर मुली आजही राबत आहेत.

या मुलींना टिकवायचे, तर रुग्णालयांनी त्यांची मूळ प्रमाणपत्रे अडकवून ठेवणे हा मार्ग नव्हे. पहिले सहा महिने नवखीला एकटीने नाइट देऊ नये. तिला एक अनुभवी सिस्टर नेमून द्यावी आणि त्या सिस्टरचे शिकवणे ड्युटीतच धरावे. चूक झाली, तर ओरडण्याआधी ती कशी झाली हे विचारावे.

हातात दिवा घेऊन रात्री एकटी फिरणारी बाई, हे नाइटिंगेल यांचे चित्र आपण जपले. पण 1854 मध्ये युद्धातल्या जखमींसाठी त्या निघाल्या, तेव्हा 38 जणी त्यांच्याबरोबर होत्या. आज दिवा हाती देताना नव्या सिस्टरला तेवढी सोबतही देऊ या.