दरपत्रक भिंतीवर की यंत्राच्या पोटात?



संध्याकाळी कॅन घेऊन डेअरीत उभे राहता, तेव्हा भिंतीवरचे दरपत्रक कधी निरखून पाहिले आहे का? डावीकडे उभे फॅट, वर आडवे एसएनएफ, आणि दोन्ही जिथे मिळतात त्या चौकटीत लिटरचा भाव. गाईच्या दुधाला ३.५ आणि ८.५ च्या चौकटीवर बोट ठेवले की भाव कळला. सहावीतली पोरगीसुद्धा वाचून दाखवते. सचिवाची चूक झाली तर तिथल्या तिथे धरता येते.

आता पुष्कळ डेअऱ्यांत कॉम्प्युटर आला. आमच्या डेअरीत तो आला आणि पहिल्याच आठवड्यात दरपत्रक भिंतीवरून उतरले. यंत्र फॅट काढते, भाव लावते, चिठ्ठी बाहेर टाकते, मग कागद कशाला? पण काही बिनसले, की ऐकू येते, "कॉम्प्युटर घेत नाही." अहो, कॉम्प्युटरने काय घ्यावे नि काय नाही, हे कुणीतरी माणसानेच त्याला सांगितलेले असते!

ते सांगणारा म्हणजे प्रोग्रामर. त्याला दूध कळत नाही, आणि सचिवाला प्रोग्राम वाचता येत नाही. नियम सांगणारा एक, लिहिणारा दुसरा, आणि मधल्या मध्ये चूक शिरली तर ती दोघांनाही दिसत नाही. दर बदलला की पुन्हा त्याच माणसाची वाट पाहायची. डेअरीचे एक वेळ निभेल. पण पेन्शन, विमा, भरपाई यांचे नियम शेकड्यांनी असतात, आणि तेही वरचेवर बदलतात.

या दुखण्यावर औषध विकणारा एक धंदाच जगात उभा राहिला आहे. त्यातली एक जुनी कंपनी ऑस्ट्रेलियाची, सॉफ्टलॉ नावाची. तिचे बिऱ्हाड राजधानी कॅनबेरात. देशाचा कारभार तिथून चालतो, म्हणजे कायद्याच्या कागदांना तोटा नाही. लढाईत दुखापत झालेल्या, आजार जडलेल्या माजी सैनिकांचे भरपाईचे दावे निकाली काढायचे खाते तिथे आहे. १९९० नंतरच्या दशकात त्या खात्याने हे काम सॉफ्टलॉच्या प्रणालीवर घेतले.

कंपनीची युक्ती अशी, की नियम प्रोग्रामातून बाहेर काढून वेगळे ठेवायचे, आणि तेही साध्या वाक्यांत. पुढे तर हे नियम वर्डमध्येच लिहिता येऊ लागले. तालुक्याला अर्ज टाईप करून देतात ना, तेच वर्ड. दरपत्रकासारखे तक्ते असतील तर ते एक्सेलमध्ये. आपल्या डेअरीचा नियम तसा लिहायचा तर असा होईल: "पूर्ण दर द्यावा, जर दूध गाईचे असेल, आणि फॅट ३.५ किंवा जास्त असेल, आणि एसएनएफ ८.५ किंवा जास्त असेल." बस्स. खात्यातला कायदा जाणणारा माणूस स्वतः हे लिहितो, आणि प्रणाली त्यावरून निर्णय काढते. लागतील तेवढेच प्रश्न विचारते. आणि माझ्या मते सगळ्यात मोलाची गोष्ट ही, की निर्णय कोणत्या नियमाने आणि कोणत्या उत्तरावरून निघाला ते दाखवते.

हे काम वाटते तितके सोपे नाही बरे का. वरच्या वाक्यातला एक "आणि" काढून तिथे "किंवा" घाला, पाणीदार दुधालाही पूर्ण दर मिळेल! म्हणून जुनी निकाली प्रकरणे घालून नियम तपासून पाहावे लागतात. पुढे या कंपनीचे नाव दोनदा बदलले, आणि २००८ साली ओरॅकल या अमेरिकेतल्या बड्या कंपनीने ती विकत घेतली.

आता त्याच देशातली दुसरी गोष्ट ऐका. या कंपनीशी तिचा संबंध जोडू नका. तिथे बेकारांना भत्ता मिळतो, तो दर पंधरवड्याच्या कमाईवर ठरतो. २०१५ पासून सरकारने वसुलीची एक योजना आणली, लोक तिला रोबोडेट म्हणतात. तिच्यात वर्षाच्या कमाईला सरळ २६ पंधरवड्यांनी भागत. समजा, एखाद्याने सहा महिने राबून २६,००० डॉलर मिळवले आणि उरलेले सहा महिने तो बेकार होता. कॉम्प्युटरच्या हिशेबी त्याची कमाई वर्षभर पंधरवड्याला १,००० डॉलर! म्हणजे भत्ता खोटा घेतला, करा परत. हे म्हणजे वर्षाला ५२ इंच पाऊस पडतो, म्हणून वैशाखातही दर आठवड्याला इंचभर पडला असे धरून विहीर भरलेली दाखवण्यासारखे झाले.

लाखो लोकांना नोटिसा गेल्या. हिशेब माणसाने तपासायचा, ती पायरीच काढून टाकली होती, आणि आपण खोटे नाही हे सिद्ध करायचे ओझे नोटीस मिळालेल्यावर. वर्षानुवर्षांच्या पगाराच्या चिठ्ठ्या गरिबाने कुठून आणायच्या? २०१९ मध्ये कोर्टात सरकारला हार खावी लागली. २०२० साली सुमारे ७२ कोटी डॉलर परत करण्याचे जाहीर झाले, आणि २०२३ च्या चौकशी आयोगाने योजना न्याय्यही नव्हती आणि कायदेशीरही नव्हती असे ठरवले. वाक्य साधे असो वा अवघड, नियमच खोटा होता. पण भागाकाराचा तो नियम नोटिशीवर ठळक छापला असता, तर पहिल्याच दिवशी कुणीतरी बोट ठेवले असते असे मला वाटते.

आमच्या डेअरीत बायकांनीच आरडाओरडा केला, तेव्हा दरपत्रक परत भिंतीवर आले. आता चिठ्ठी हातात पडली की आधी भिंतीकडे बघतात, बोट फिरवतात, आणि मग ती कनवटीला लावतात.