चौघांचा तंबू किती जणांचा?

दिवाळी सरली, भातकापणी उरकली आणि खाचरे कोरडी पडली की घोटीच्या रस्त्यावर वाहनांची एक निराळी रांग दिसू लागते. मुंबईच्या व नाशिकच्या मोटारी महामार्ग सोडून भंडारदऱ्याच्या वाटेला लागतात. मागच्या काचेआड गाद्या, पाण्याचे कॅन, बादल्या आणि त्यांच्यात कोंबलेली तंबूची लांबट पिशवी दिसते. ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला आणि मुंबईकरांना हा परिसर अधिकच जवळचा झाला. शनिवारी निघावे, कळसूबाईच्या पायथ्याशी अथवा जलाशयाच्या काठी एक रात्र काढावी, रविवारी परतावे, असा हा बेत असतो.

तंबू कोणता घ्यावा आणि बेताच्या पैशांत चांगला कसा ओळखावा, हा प्रश्न या सदराच्या वाचक भगिनींनी गेल्या काही महिन्यांत वारंवार विचारला आहे. तलावाकाठच्या तयार छावण्यांत माणशी दर द्यावा लागतो. चौघांच्या कुटुंबाला, आणि सोबत नणंदेची दोन मुले आली तर सहा जणांना, तो दर परवडेनासा होतो. मग मुलांचा हट्ट पुढच्या वर्षावर जातो. आपला तंबू असेल तर हीच सहल मध्यमवर्गीय घराच्या आवाक्यात येते. म्हणून प्रश्न हौसेचा असला तरी किरकोळ नाही.

तंबू आपल्याला नवा मुळीच नाही. छ'री पालित संघाबरोबर जे चालले आहेत, त्यांनी मुक्कामाच्या राहुट्या पाहिल्या आहेत. रामनवमीच्या सुमारास मुंबईहून शिर्डीला जाणाऱ्या पालख्या याच घोटी-सिन्नर मार्गाने जातात आणि त्यांचे मांडव रस्त्याकडेला पडतात. आठवडे बाजारातील पाल तर रोजच्या ओळखीचे. राहुटी, पाल, कनात, मेख, तणावा हे सारे शब्द आपल्या भाषेत घरचे आहेत. फरक इतकाच की ते जाड सुती कापड श्वास घेत असे, आणि आजचा पॉलिस्टरचा तंबू श्वास कोंडतो. हा भेद लक्षात ठेवला की निवडीचे अर्धे काम झाले.

आता खोक्यावरील आकड्याकडे वळू. ‘चार व्यक्तींचा तंबू’ असे जेथे लिहिलेले असते, तेथे उत्पादकाने माणशी पंचावन्न ते साठ सेंटिमीटर रुंदी धरलेली असते. आपल्या घरातील एकेरी गादी नव्वद सेंटिमीटरच्या आसपास असते. म्हणजे चार माणसे तेथे मावतात ती कुशीवर, खांद्याला खांदा लावून, आणि सामान बाहेर ठेवून. रात्री एकाने कूस बदलली की बाकीच्या तिघांना बदलावी लागते. म्हणून आई, वडील आणि दोन मुले एवढ्यांसाठी सहा जणांचा म्हणून विकला जाणारा तंबू घ्यावा. दुकानात मापाची फीत मागावी आणि खोक्यावरील माणसांची संख्या न वाचता तळाची लांबी-रुंदी वाचावी. अडीच मीटर बाय सव्वादोन मीटरच्या खाली उतरू नये. मध्यभागाची उंचीही पाहावी. साडी किंवा पंजाबी ड्रेस सावरत गुडघ्यांवर रांगत आत-बाहेर करणे किती त्रासाचे होते, हे चित्रातील हसऱ्या कुटुंबाकडे पाहून कळत नाही.

मोटारीतून जावयाचे असल्याने वजनाची चिंता करण्याचे कारण नाही. पाठीवर तंबू वाहणारा गिर्यारोहक ग्रॅम मोजून पैसे मोजतो. आपण ते पैसे वाचवून दोन-तीन किलो जड पण प्रशस्त तंबू घ्यावा. चिंता करावी ती आकाराची. हवेत भिरकावताच आपोआप उभे राहणारे तंबू मुलांना फार आवडतात. परंतु ते मिटल्यावर मोठ्या परातीसारखे गोल होतात आणि लहान मोटारीच्या डिकीत चार जणांच्या सामानावर ती परात बसता बसत नाही. ते पुन्हा मिटण्याची युक्ती तर घरातील एकालाच साधते आणि तो नेमका चहाला गेलेला असतो. काड्या जोडून उभारावयाचा घुमटाकार तंबू दहा-पंधरा मिनिटे घेतो, पण स्वस्त मिळतो, लांबट पिशवीत बसतो आणि वाऱ्यातही बरा टिकतो.

खरी पारख मात्र कापडाच्या पदरांत आहे. बाजारातील सर्वांत स्वस्त तंबू एकपदरी असतात. दिवसा ते छान दिसतात. पण रात्रभरात झोपलेल्या प्रत्येक माणसाच्या श्वासातून आणि त्वचेतून निदान पेलाभर पाणी वाफेच्या रूपाने बाहेर पडते. डिसेंबरात या खोऱ्यांत दव जोरात पडते आणि तंबूचे कापड थंडगार होते. चार जणांची ती वाफ कापडाच्या आतल्या बाजूस लागून थेंब होते आणि पहाटे पांघरुणावर टपकू लागते. मंडळी म्हणतात, तंबू गळका निघाला. तो गळत नसतो, त्याला वाट नसते. म्हणून दुपदरी तंबूच घ्यावा. त्यात आतील पदराला वरच्या भागात जाळी असते, बाहेरचा पदर वेगळा ताणलेला असतो आणि दोहोंत चार बोटांची हवा खेळती राहते. वाफ जाळीतून निघून बाहेरच्या पदराला लागते आणि तेथूनच ओघळून जमिनीवर उतरते. थंडी वाजते म्हणून झरोके बंद करण्याचा मोह आवरावा. एक पांघरूण जास्त घ्यावे आणि झरोके उघडे ठेवावेत.

पाण्याला दाद न देण्याचा आकडा खोक्यावर मिलिमीटरमध्ये असतो. १५०० याचा अर्थ एवढाच की त्या कापडावर दीड मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ उभा केला तरी पाणी आत झिरपत नाही. हिवाळी मुक्कामाला बाहेरच्या पदरासाठी इतके पुरेसे आहे. तळासाठी अधिक हवे, कारण ओल्या जमिनीवर आपण गुडघा टेकतो तेव्हा तेथे दाब पुष्कळ वाढतो. आकडाच छापलेला नसेल, नुसते ‘वॉटरप्रूफ’ असे मोठ्या अक्षरांत असेल, तर विक्रेत्याला विचारावे, आणि तो उत्तर देऊ शकला नाही तर दुसरे दुकान पाहावे. डिकॅथलॉनसारख्या मोठ्या दुकानांत तंबू उभारून ठेवलेले असतात. घरच्या सर्वांनी आत जाऊन दोन मिनिटे आडवे व्हावे, संकोच करू नये. संगणकावरून मागवलेला तंबू प्रवासाआधी गच्चीवर उभारून त्यावर दहा मिनिटे नळीने पाणी सोडावे. शिवण कोठे ओलावते ते तेथेच कळते आणि परत करण्याची मुदतही शिल्लक असते.

तळाविषयी घोटीच्या अनुभवाचे दोन शब्द अधिक सांगणे आवश्यक वाटते. आमच्याकडे शेतकरी मुक्कामासाठी देतात ती जागा पुष्कळदा कापणी झालेले भातखाचर असते. सपाट असते, मोकळी असते, बांधामुळे आडोसाही असतो. पण कापलेल्या भाताची धसकटे वाळून सुईसारखी टोकदार झालेली असतात आणि तंबूचा पातळ तळ पहिल्याच रात्री चाळणी होतो. तेव्हा आधी पायांनी व फावड्याने धसकटे मोडून घ्यावीत. मग भाताचा पेंढा मिळाला तर वीतभर पसरावा, वर ताडपत्री घालावी आणि तिच्यावर तंबू मांडावा. ताडपत्री तंबूच्या कडेबाहेर डोकावू देऊ नये. डोकावली तर दवाचे सारे पाणी गोळा करून ती तंबूखालीच आणून सोडते. घोटी ही भाताची पेठ असल्याने ताडपत्री, सुतळी, रिकामी पोती हे सर्व येथे सहज मिळते, मुंबईहून वाहून आणण्याची गरज नाही. मात्र पेंढा अंथरला असेल तर शेकोटी दूर ठेवावी, आणि वाऱ्याच्या दिशेला मुळीच नको.

जागा निवडताना मुंग्यांची वारुळे आणि बिळे आधी पाहावीत. मऊ केरसुणीने जागा हळुवार झाडून घेण्याची आपली सवय येथे दोन्ही परींनी उपयोगी पडते. जीवही वाचतात आणि रात्री आपल्या अंथरुणातही कोणी येत नाही. तंबूभोवती चर खणण्याची जुनी पद्धत सोडून द्यावी. उंचवट्यावरची जागा निवडली की चराचे काम उरत नाही.

थंडी वरून येते असे आपल्याला वाटते, पण ती खालून अधिक येते. म्हणून तंबूवर खर्च करताना सगळे पैसे तेथेच संपवू नयेत. फोमच्या चटया घ्याव्यात, नाहीतर आजीच्या हातच्या गोधड्या मोटारीत टाकाव्यात, दोन खाली आणि एक वर. हवा भरलेली गादी मऊ लागते, परंतु तिच्यातील हवा पहाटे गार पडते आणि पाठ आखडते.

पैशांचा हिशेब ज्याने त्याने मांडून पाहावा. समजा, तयार छावणीत माणशी बाराशे रुपये पडतात, तर चौघांचे चार हजार आठशे झाले. समजा, तंबू, ताडपत्री आणि चटया मिळून अकरा हजार लागले, आणि शेतकऱ्याला जागा, पाणी व शौचालय यांचे माणशी दोनशेप्रमाणे आठशे दिले. मग प्रत्येक मुक्कामाला चार हजार वाचतात आणि तिसऱ्या मुक्कामात खर्च भरून निघतो. वर्षाला एकदाच जाणार असाल तर तीन वर्षे लागतील, हेही त्याच हिशेबात दिसते. त्यांनी तंबू भाड्याने घ्यावा किंवा दोन-तीन घरांनी मिळून एक विकत घ्यावा. खरेदीपूर्वी एकदा भाड्याचा वापरून पाहणे तर सर्वांनाच हिताचे आहे. कापणीनंतरच्या महिन्यांत शेतकऱ्याच्या हाती पडणारे ते आठशे रुपयेही मला महत्त्वाचे वाटतात. त्यांत घासाघीस करू नये.

आता सर्वांत गंभीर गोष्ट. तंबूत शेगडी, कोळशाची पाटी, गॅसचा चुलाणा यांपैकी काहीही पेटवू नये. विझत आलेला निखारासुद्धा आत घेऊ नये. कोळसा वा गॅस अपुऱ्या हवेत जळला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी त्याला धरून ठेवते. झोपलेल्या माणसाला गुदमरल्याची जाणीवही होत नाही. जानेवारी २०२० मध्ये नेपाळमधील दामन येथे सहलीला गेलेले केरळमधील आठ जण, त्यांपैकी चार मुले, खोलीत गॅसचा हीटर लावून झोपले आणि सकाळी उठले नाहीत. ती भिंतींची खोली होती. दव पडून ओला झालेला, चेन लावलेला तंबू तिच्याहून अधिक कोंदट असतो. मुलांना थंडी वाजत असेल तर गरम पाण्याची पिशवी द्यावी, कानटोपी घालावी, आणि तेवढ्याने भागत नसेल तर शेतकऱ्याच्या पडवीत झोपवावे.

स्वयंपाकही तंबूबाहेर आणि लवकर उरकावा. सूर्यास्तापूर्वी भोजन करणाऱ्या घरांना येथे वेळेचे गणित आधीच ठाऊक असते. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणजे तीनपर्यंत जागेवर पोहोचून चारच्या आत तंबू उभा झाला पाहिजे. जे हा नियम पाळत नाहीत त्यांनीही मुक्कामापुरता पाळून पाहावा. अंधारात काड्या जोडणे, मेखा ठोकणे आणि भुकेली मुले सांभाळणे या तीन गोष्टी एकाच वेळी साधत नाहीत. शिवाय या पट्ट्यात बिबट्याचा वावर आहे. तंबू वस्तीला लागून असावा, उष्टे-खरकटे आणि खाऊचे डबे रात्री मोटारीत बंद असावेत आणि मुलांना अंधारात एकटे सोडू नये. कळसूबाईपासून हरिश्चंद्रगडापर्यंतचा प्रदेश १९८६ पासून अभयारण्य आहे. तेथे कोठेही तंबू ठोकता येत नाही, वनखात्याच्या नाक्यावर विचारूनच जागा धरावी.

ऋतूंचा विचार थोडक्यात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने स्वस्त तंबूचे. इगतपुरीला वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. त्यात दहा हजारांचाही तंबू टिकवण्याचा अट्टहास करू नये. मे-जूनमध्ये भंडारदऱ्याकडे काजवे पाहण्यासाठी गर्दी लोटते. तेव्हा वळवाच्या सरी आणि विजा असतात, म्हणून मुक्काम घरातच करावा. वीज कडाडू लागली तर तंबूत बसून राहू नये, सर्वांनी मोटारीत जाऊन काचा लावून घ्याव्यात.

घरातील आजी-आजोबांना तंबूत झोपवण्याचा आग्रह माझ्या मते धरूच नये. जमिनीवरून उठताना गुडघे बोलतात, आणि रात्री दोनदा तरी उठावे लागते. त्यांच्यासाठी जवळच्या घरात खोली घ्यावी. सकाळी ते चहाला तंबूत येतील आणि मुलांइतकेच रमतील.

शेवटी सांभाळण्याविषयी. खोक्यातल्या मेखा बहुधा बारीक तारेच्या असतात, खाचराच्या कडक मातीत त्या वाकतात. लोहाराकडून वीतभर लांबीच्या आठ मेखा करून घ्याव्यात आणि लाकडी मोगरीने तिरप्या ठोकाव्यात, टोक तंबूकडे आणि डोके बाहेर. तणावे सैल सोडू नयेत, कारण बाहेरचा पदर आतल्याला चिकटला की दुपदरीपणाचा लाभ संपतो. तंतुकाचेची काडी तडकली तर उघड्या हाताने धरू नये, तिची कुसळे बोटांत शिरतात. सकाळी निघताना तंबू दवाने ओला असतो आणि तसाच गुंडाळावा लागतो, त्यास इलाज नाही. परंतु घरी पोहोचल्यावर त्याच दिवशी तो गच्चीत किंवा दोरीवर सावलीत पसरावा. ओला तंबू दोन-तीन दिवस पिशवीत राहिला की त्यावर बुरशीचे काळे ठिपके पडतात आणि ते पुढे कशानेही जात नाहीत. पूर्ण वाळल्यावर तो मूळ पिशवीत घट्ट न कोंबता जुन्या चादरीत सैल बांधून कोरड्या कपाटात ठेवावा. पावसाळ्यात माळ्यावर मुळीच टाकू नये, तेथील दमटपणाने कापडाच्या आतला लेप चिकट होऊन सुटू लागतो. ऑक्टोबरात एकदा बाहेर काढून उभारावा, काड्या व मेखा मोजाव्यात, आणि चेनवर मेणबत्तीचे मेण फिरवून ठेवावे.