राक्षसभुवन : एका दिवसात कोंडलेले गाव

१/ राक्षसभुवन हे बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यातले, गोदावरीच्या दक्षिण तीरावरचे गाव. इतिहासाच्या पुस्तकांत त्याच्या वाट्याला एकच दिवस आला : १० ऑगस्ट १७६३. हा धागा त्या दिवसाविषयी कमी आणि त्याच्या आड गेलेल्या गावाविषयी अधिक आहे.

२/ आधी लढाई. १७६३ मध्ये निजाम अलीच्या फौजेने पुणे लुटले, जाळले; मराठ्यांनी निजामाचा मुलूख लुटला. परतताना निजाम अली गोदावरी उतरून पैलतीरी गेला. दिवाण विठ्ठल सुंदर उरलेल्या फौजेसह अलीकडेच राहिला. मध्ये पावसाळ्यातली नदी. माधवराव आणि राघोबादादांनी तेथेच गाठले. विठ्ठल सुंदर मारला गेला. पुढे औरंगाबादेस तह झाला.

३/ एवढे सर्वांना पाठ असते. सेनापती, हत्ती, तहातला मुलूख, नकाशावरचे बाण. या साऱ्यात गाव मात्र केवळ रणांगणाचे नाव म्हणून उरते.

४/ वास्तविक फौज नदी उतरते ती उतार आणि नावाडी यांच्या भरवशावर. शिवाय ऑगस्ट म्हणजे खरीप शेतात उभे असण्याचे दिवस. लष्कराने तुडवलेल्या पिकासाठी पेशवाईच्या कागदांत ‘पायमाली’ हा शब्द येतो. नुकसानीला स्वतंत्र शब्द लागावा, इतकी ती गोष्ट नित्याची होती. विजयाच्या वर्णनात हा शब्द क्वचितच भेटतो.

५/ आणि विजयानंतर? पेशवाई १८१८ मध्ये बुडाली. निजामाचा पराभव पाहिलेला हा परिसर हैदराबाद संस्थानात राहिला, तो १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत. लढाईपासून संस्थानाच्या अंतापर्यंत १८५ वर्षे होतात. १७६३ पाशी थांबणाऱ्या अभिमानाला या वर्षांविषयी सांगण्यासारखे काहीच नसते.

६/ ‘गावांची साधनेच नाहीत’ ही सबब टिकत नाही. वतनांचे तंटे, शिवेचे वाद, महजर, साऱ्याचे हिशेब यांनी मराठी दप्तरे भरलेली आहेत. त्र्यंबक नारायण आत्रे यांचे ‘गावगाडा’ १९१५ चे. अ. रा. कुलकर्णी आणि जपानचे हिरोशी फुकाझावा यांनी ग्रामव्यवस्थेचा इतिहास अशाच कागदांतून उभा केला. साधने आहेत, वाचणारे कमी आहेत.

७/ मात्र गाव वाचायचे म्हणजे त्याची आरती ओवाळायची नव्हे. बलुतेदारीला ‘सलोख्याची व्यवस्था’ म्हणणारे एक गोष्ट विसरतात : शिवेच्या तंट्यात महाराची साक्ष महत्त्वाची मानली जाई, पण त्याचे घर गावकुसाबाहेरच असे. गावाची हद्द ज्याला ठाऊक, त्यालाच हद्दीबाहेर ठेवणारी ही रचना होती. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत डॉ. आंबेडकरांनी ग्रामगौरवावर कठोर टीका केली, ती या वास्तवामुळे.

८/ ही उपेक्षा केवळ अभ्यासकांची अडचण नाही. २०२३ मध्ये कुणबी नोंदींसाठी न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि मराठवाड्यात निजामकालीन दप्तरे उघडली गेली. मागणीच्या योग्यायोग्यतेचा प्रश्न वेगळा. पण कागद मोडीत आणि उर्दूत, आणि ज्यांच्या आजा-पणजांच्या नोंदी त्यात, त्या घरांत ते वाचणारे कोणी नाही, हे तेव्हा उघड झाले. स्वतःच्या गावाच्या इतिहासासाठी माणसांना जाणकार शोधत फिरावे लागले.

९/ म्हणून लढायांचे नकाशे काढणाऱ्या तरुण मंडळींपुढे एक साधे आव्हान. मोडी सरावाने वाचता येते, उर्दू लिपीही. पुढचा नकाशा काढण्यापूर्वी आपल्या तालुक्यातल्या एका गावाचा एक महजर किंवा एक जुना सारापट वाचावा. राक्षसभुवनाचा अभिमान बाळगावा, पण त्या दिवशी शेत कोणाचे तुडवले गेले, हा प्रश्नही त्याच अभिमानाने विचारावा.