निवड आणि जोपासना

गोमंतकात फुटबॉल हा शब्द उच्चारताच डोळ्यांपुढे काय उभे राहते, हे येथील वाचकांस सांगावयास नको. भात कापून झालेली शेते, शाळा सुटताच तेथे जमणारी मुले आणि अंधार पडेपर्यंत पायांनी टोलविला जाणारा चेंडू! परंतु याच नावाचा एक अगदी निराळा खेळ अमेरिकेत खेळला जातो. त्यातील चेंडू लांबट असून तो बहुधा हाताने फेकतात. आमच्या शाळेचे एक माजी विद्यार्थी न्यू जर्सीत स्थायिक झाले आहेत. गेल्या सुट्टीत ते भेटावयास आले असता त्यांनी या खेळाची, आणि विशेषतः त्यातील खेळाडू निवडण्याच्या पद्धतीची हकीकत आम्हांस सांगितली. पुढे आम्हीही त्याविषयी थोडे वाचले. वाचता वाचता असे ध्यानात आले, की त्या दूरच्या मैदानावरील एका प्रश्नाचा आपल्या शाळेशीही निकटचा संबंध आहे. म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम खेळाचे मर्म पाहू. प्रत्येक संघाचे अकरा गडी मैदानात असतात. चढाई करणाऱ्या संघाचा सूत्रधार तो क्वार्टरबॅक. चेंडू हाती येताच तो दूर धावणाऱ्या आपल्या सहकाऱ्याकडे नेमकेपणाने फेकणे हे त्याचे काम. त्याच्यापुढे पाच धिप्पाड गडी भिंतीसारखे उभे असतात. ही भिंत फोडून, अडीच-तीन सेकंदांच्या आत क्वार्टरबॅकवर तुटून पडणे, यास 'पास रश' असे म्हणतात. चेंडू सुटण्यापूर्वीच त्यास खाली पाडले तर तो 'सॅक'. आता हिशेब पाहा. चार गड्यांनीच हे काम साधले, तर उरलेले सात जण चेंडू झेलणाऱ्यांवर पहारा ठेवू शकतात. चौघांनी ते साधले नाही, तर पाचवा आणि सहावा गडी धाडावा लागतो. आणि मग मागे पडलेल्या मोकळ्या जागेत चेंडू सुखाने जाऊन पोहोचतो. ज्या संघाचे चार गडी भिंत फोडू शकत नाहीत, त्याचे सारे संरक्षणच लंगडे पडते ते यामुळे.

असे गडी मिळवावयाचे कोठून? आपल्याकडे आय. पी. एल. किंवा प्रो कबड्डी यांत खेळाडूंचा लिलाव होतो. अमेरिकेतील नॅशनल फुटबॉल लीगमध्ये महाविद्यालयांतून येणाऱ्या नव्या खेळाडूंसाठी 'ड्राफ्ट'ची पद्धत आहे. फिलाडेल्फिया संघाचे मालक बर्ट बेल यांनी ती 1935 साली सुचविली आणि 1936 साली पहिली निवड झाली. तीतील तत्त्व मोठे उदार आहे. आदल्या वर्षी जो संघ सर्वांत खाली राहिला, त्याने सर्वांआधी निवड करावी आणि विजेत्याने सर्वांत शेवटी. संघ 32 आणि फेऱ्या 7. दुबळ्याला पहिला हक्क देणारी ही रीत पाहून आम्हांस कौतुक वाटले. मात्र आपण कोणत्या गावी जाऊन खेळावयाचे, हे त्या तरुण खेळाडूस स्वतः ठरविता येत नाही, ही तिची उणी बाजूही नजरेआड करून चालणार नाही.

आता मुख्य प्रश्न. ज्या संघाचा पास रश दुबळा आहे, त्याने या निवडीतून तो कसा सुधारावा? पुष्कळांचे उत्तर ठरलेले असते. पहिल्या फेरीत जो सर्वांत नामांकित गडी मिळेल तो घ्यावा, म्हणजे काम झाले! आम्हांस हे उत्तर अपुरे वाटते.

पहिल्या फेरीतील खेळाडूंची योग्यता खोटी असते, असे आमचे म्हणणे नव्हे. न्यू यॉर्क जायंट्स संघाने 1981 साली दुसऱ्या क्रमांकावर निवडलेल्या लॉरेन्स टेलर यांनी खेळाचे रूपच पालटून टाकले. परंतु क्लीव्हलंडच्या संघाचे उदाहरण घ्या. 2017 साली त्यांनी अगदी पहिल्या क्रमांकावर माइल्स गॅरेट यांना निवडले. निवड अचूक होती. 2023 च्या हंगामातील सर्वोत्कृष्ट संरक्षक खेळाडू म्हणून पुढे त्यांचा गौरवही झाला. तथापि ज्या वर्षी ते संघात आले, त्या वर्षी क्लीव्हलंडने सोळापैकी सोळाही सामने गमावले! एक उत्तम गडी आणला म्हणजे संघ उभा राहतो, ही समजूत किती भोळी आहे, हे यावरून दिसून येईल.

याउलट जायंट्स संघाचा 2007 चा हंगाम पाहा. पहिले दोन्ही सामने ते हरले होते. परंतु त्यांच्या आघाडीची फळी एका दिवसात जमविलेली नव्हती. मायकेल स्ट्राहन यांना 1993 साली दुसऱ्या फेरीत, ओसी उमेन्यिओरा यांना 2003 साली दुसऱ्या फेरीत, तर जस्टिन टक यांना 2005 साली तिसऱ्या फेरीत निवडलेले होते. 2006 साली पहिल्या फेरीत घेतलेले मथायस कियानुका हे हंगामाच्या मध्यावर पाय मोडल्याने बाहेर बसले. तरीही त्या हंगामात या संघाने 53 सॅक मिळविले. लीगमध्ये दुसऱ्या कोणासही तितके मिळाले नाहीत. पुढे 3 फेब्रुवारी 2008 रोजी अंतिम सामन्यात त्यांची गाठ न्यू इंग्लंड पेट्रियट्सशी पडली. हा संघ तोवरचे अठराही सामने जिंकून आलेला होता. त्याचे क्वार्टरबॅक टॉम ब्रेडी यांना जायंट्सनी पाच वेळा खाली पाडले आणि सामना 17-14 असा जिंकला. शेवटच्या क्षणांतील एक सॅक तर त्याच वर्षी तिसऱ्या फेरीत निवडलेल्या जे ऑल्फर्ड या नवख्या गड्याचा होता.

कोणी म्हणेल, की डेन्व्हरने 2011 साली दुसऱ्या क्रमांकावर निवडलेल्या व्हॉन मिलर यांनीच 2016 चा अंतिम सामना जिंकून दिला ना? खरे आहे. त्या सामन्याचे मानकरी तेच ठरले. परंतु त्यांनी क्वार्टरबॅकच्या हातून उडविलेला जो चेंडू शत्रूच्या हद्दीत पकडून पहिला टचडाउन झाला, तो पकडणारे मलिक जॅक्सन पाचव्या फेरीतील होते. आणि दुसऱ्या बाजूने दबाव आणणारे डीमार्कस वेअर नऊ वर्षे दुसऱ्या संघात खेळून तेथे आलेले होते. दोन्ही बाजूंनी कोंडी झाल्यावाचून एकट्याचा पराक्रम फळास येत नाही. कबड्डीत एकट्याने घातलेली पकड चढाई करणारा गडी झटकून टाकतो, परंतु साखळी जमली की त्यास सुटता येत नाही, हे तुम्ही मुलांनी पुष्कळदा अनुभविले आहेच.

म्हणून आमचे मत असे, की दुबळ्या संघाने पहिल्या फेरीत योग्य गडी मिळत असेल तर तो अवश्य घ्यावा. परंतु सारी आशा त्याच्यावर टांगून ठेवू नये. दरवर्षी मागच्या फेऱ्यांतूनही एक-दोन होतकरू गडी घ्यावेत, त्यांना जाणत्या खेळाडूंच्या सहवासात ठेवावे आणि दोन-तीन वर्षे धीर धरावा. माणकुरादचे उत्तम कलम विकत आणणे ही एका सकाळची गोष्ट आहे; ते वाढवून आंबा खाणे ही कित्येक वर्षांची. कलम निवडणाऱ्याचे कौतुक सर्वजण करतात, पाणी घालणाऱ्याची आठवण मात्र कोणास राहत नाही.

येथे डीकन जोन्स यांचे स्मरण झाल्यावाचून राहत नाही. 'सॅक' हा शब्द रूढ करण्याचे श्रेय त्यांनाच दिले जाते. 1961 साली लॉस एंजेलिस रॅम्स संघाने त्यांना चौदाव्या फेरीत घेतले, तेव्हा त्यांच्याआधी 185 नावे पुकारून झाली होती! त्यांच्या शेजारी उभे राहणारे मर्लिन ओल्सेन हे मात्र 1962 साली तिसऱ्या क्रमांकावर निवडलेले. एक यादीच्या शिरोभागी, दुसरा तळाशी. आणि दोघे मिळून त्या काळातील सर्वांत दरारा असलेल्या फळीचे आधारस्तंभ झाले. यादी करणाऱ्यांचा हेतू वाईट होता, असे नव्हे. इंडियानापोलिस येथे आजही नव्या खेळाडूंची उंची, वजन, चाळीस यार्ड धावण्याचा वेळ, सारे काही मोजले जाते. पण पुढील पाच वर्षांत कोण किती वाढेल, हे मोजण्याचे माप अद्यापि निघालेले नाही.

हे लिहिताना आमचीच एक चूक आठवते. काही वर्षांपूर्वी शाळेच्या कबड्डी संघाची निवड आमच्याकडे होती. आम्ही उंच आणि भरदार मुले घेतली. एक किरकोळ अंगाचा मुलगा दररोज सर्वांआधी येऊन मैदान झाडून ठेवीत असे. "तू पुढच्या वर्षी ये," असे आम्ही त्यास सांगितले. तो "बरे, सर" म्हणाला आणि पुन्हा मैदानावर आला नाही. तो पुढे चांगला खेळला असता की नाही, हे आम्हांस सांगता येत नाही. आम्ही त्यास पाहून घेण्याची संधीच घालविली. आणि हीच गोष्ट आजही मनास टोचते.

विद्यार्थिमित्रहो, शाळेत याद्या लागतच राहणार. संघाच्या, स्पर्धांच्या, परीक्षेच्या. ज्यांचे नाव वर आहे त्यांनी एवढे ओळखावे, की ती फक्त निवड आहे, अद्याप जोपासना व्हावयाची आहे. ज्यांचे नाव खाली आहे, किंवा मुळीच नाही, त्यांनी मैदान सोडू नये. पालकांस आणि आम्हां शिक्षकांस तर याहून अधिक सांगावयाचे आहे. ज्या देशात खेळ हा कोट्यवधींचा व्यापार झाला आहे, तेथेदेखील मागे राहिलेल्यास पहिला हक्क देण्याची रीत आहे. आपल्या वर्गात तो हक्क शेवटच्या बाकावरील मुलास आपण कधी देणार?