भट्टीला धुराडं, चुलीला नाही

तर मंडळी, भट्टी झाली एकदाची! सहा वीकांत, ऐंशी विटा, एक फुटलेला अंगठा आणि बायकोचे अगणित टोमणे एवढ्या भांडवलावर राहुरी तालुक्यातल्या आमच्या घराच्या अंगणात चाकांवरची, लाकडावर चालणारी पिझ्झा भट्टी उभी राहिली आहे. फोटो बघून ऑफिसातल्या निम्म्या लोकांनी "मला पण बांधायचीय, डीटेल्स पाठव" असं म्हटलंय. डीटेल्स देतो. पण मला खरं बोलायचंय ते भट्टीवरच्या धुराड्याबद्दल. वाचून काहींना राग येईल. येऊ दे.

आधी भट्टी.

चाकं कशाला, हा पहिला प्रश्न सगळे विचारतात. आमच्या अंगणात मार्च-एप्रिलमध्ये उन्हाळी कांदा येऊन पडतो. तेव्हा कांद्याच्या वाटेत माझा पिझ्झा आडवा आला असता तर वडिलांनी भट्टीसकट मला उचलून टाकलं असतं :) म्हणून गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून अँगलची जाड चौकट करून घेतली, तिला जुन्या जीपची चाकं लावली आणि उभी असताना भार पेलायला चार कोपऱ्यांना चार पाय. सगळं मिळून वजन चारशे किलोच्या आसपास. दोन माणसं ढकलत नाहीत, ट्रॅक्टरला जोडून हळूहळू न्यावी लागते.

हलत्या भट्टीला आगीपेक्षा धक्क्यांचा त्रास जास्त. म्हणून तळाच्या विटा मसाल्यात बसवायच्याच नाहीत. चाळलेल्या वाळूवर नुसत्या एकमेकींना भिडवून ठेवायच्या, म्हणजे त्यांना थोडं सरकता येतं आणि एखादी फुटली तर तेवढीच बदलता येते. विटा साध्या नाहीत, फायर ब्रिक. आपल्या जिल्ह्यात साखर कारखाने भरपूर, आणि बॉयलरला आतून ह्याच विटा असतात. भंगारवाल्याकडे जुन्या पण धड विटा मिळाल्या. घुमटाचा मसाला: तीन भाग बारीक वाळू, आणि सिमेंट, चुना, फायरक्ले एकेक भाग. घुमट आतून ६५ सेंटिमीटर रुंद, साडेबत्तीस उंच. तोंडाची उंची घुमटाच्या उंचीच्या साधारण ६३ टक्के ठेवायची, म्हणजे साडेवीस. तोंड जास्त उंच झालं की उष्णता पळते, फार बुटकं झालं की आगीला हवा पुरत नाही.

तळाखाली पाच भाग परलाईट आणि एक भाग सिमेंटचा चार इंची थर. (परलाईट पॉलीहाऊसवाल्यांकडे मिळतं, रोपांसाठी वापरतात.) घुमटावर सिरॅमिक वूलची दोन इंची गादी, त्यावर परलाईटचाच गिलावा. वूल कापताना तोंडाला मास्क लावा. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

आता टाइल्स. सपाट टाइल गोल घुमटावर बसत नाही हे कळायला इंजिनिअरिंगची पदवी लागत नाही, पण मला पदवी असूनही एक अख्खा रविवार लागला. शेवटी गावातल्या गवंडीमामांनी माझी दया येऊन विचारलं, "साहेब, गच्चीवर चायना चिप्स करत्यात तसं का करत नाही?" च्यायला! गच्ची गळू नये म्हणून टाइलचे तुकडे बसवतात ते आपण लहानपणापासून बघतो. दुकानातून फुटक्या टाइल्सचं पोतं जवळजवळ फुकट आणलं, गोणपाटात गुंडाळून हातोडीने फोडलं आणि दोन दिवसांत निळा-पांढरा घुमट तयार.

मग तो उकलला.

माझीच घाई. गिलावा आतून ओला होता आणि मी पहिल्याच दिवशी जाळ मोठा केला. पाण्याची वाफ झाली की तिला सोळाशेपटीहून जास्त जागा लागते. टाइल्सनी बाहेरची वाट बंद केलेली, मग वाफ टाइल्स उडवूनच बाहेर पडली. सगळं काढलं, माथ्यावर वाफेसाठी एक छोटी नळी ठेवली, आठवडाभर रोज थोडा थोडा जाळ वाढवत भट्टी सुकवली आणि मग पुन्हा तुकडे बसवले, सांधे जरा रुंद ठेवून. आता टिकलंय.

असो. आता धुराड्याकडे.

उकललेल्या टाइल्स काढून भट्टी सुकवायला सुरुवात केली तेव्हा धुराडं नव्हतं. म्हटलं, तोंडातून जाईल धूर. तो गेला, पण माझ्या तोंडात! पाच मिनिटांत डोळे लाल, खोकून खोकून बेजार. मी तडक मोटारसायकल काढली, राहुरीला जाऊन सहा इंची पत्र्याचा पाइप आणला आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तोंडाच्या वर बसवलासुद्धा. पाइप, वरची टोपी आणि वेल्डिंग धरून खर्च अठराशे रुपये.

आई पडवीत बसून हे सगळं बघत होती. संध्याकाळी भाकरी करता करता म्हणाली, "आरं, तुझ्या खेळण्याला धुराडं पाहिजे हे तुला एका दिवसात कळलं. माझ्या चुलीला पाहिजे हे चाळीस वर्षांत कुणाला कळलं नाही बघ."

ती रागावली नव्हती, हसत होती. म्हणून जास्त लागलं.

आमच्याकडे गॅस आहे. चहा, भाजी, पाहुणे त्यावर. पण भाकरी, अंघोळीचं पाणी, ढोरांचं आंबोण अजून चुलीवर, कारण सरपण घरचं आणि सिलेंडर विकतचा. आईला चार वर्षांपासून दम लागतो. नगरच्या डॉक्टरांनी नळीत फुंकायला लावून तपासलं आणि पहिला प्रश्न विचारला तो तंबाखूचा नाही, चुलीचा: "किती वर्षं?" मी शेजारी उभा होतो. औषधं घेतली, पंप घेतला, पुण्याला परत आलो. चुलीवरच्या काळ्याकुट्ट आढ्याकडे मान वर करून बघायचं मला सुचलं नाही. स्वतःच्या डोळ्यात धूर गेला तेव्हा मात्र चोवीस तासांत तोडगा निघाला! आमच्या भाषेत सांगायचं तर बग तोच होता, फक्त तक्रार करणारा यूजर बदलल्यावर प्रायॉरिटी बदलली.

हे गुपित आहे असंही नाही. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ साली 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं होतं, की तंबाखू ओढणारे जगात सुमारे १०१ कोटी, पण लाकूड-शेणी-काडीकचऱ्याच्या धुरात जगणारे सुमारे ३०० कोटी. आणि दम्यासारख्या त्या चिवट आजाराचं, सीओपीडीचं, जगातलं सगळ्यात मोठं कारण हा धूर असू शकेल. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरातल्या धुराने २०२० साली ३२ लाख माणसं गेली.

आणि आपण काय करतो? पुणे-नगर रस्त्याने जाताना 'चुलीवरचं मटण', 'चुलीवरची भाकरी', 'चुलीवरची मिसळ' अशा पाट्या शोधत जातो. पाटीखाली एक बाई सगळ्यांना दिसेल अशी बसवलेली असते. ती दिवसभर धूर खाते, आपण तिचा फोटो काढतो आणि "गावाकडची अस्सल चव" म्हणून चार मित्रांना पाठवतो. तिच्या डोक्यावर धुराडं आहे का, हे किती जणांनी बघितलंय? मी नव्हतं. सिरॅमिक वूल कापताना स्वतः मास्क लावणारा मी.

बरं, धुराची ती चव तरी खरी आहे का? नेपल्समध्ये पिझ्झा ६० ते ९० सेकंदांत निघतो, घुमटाजवळ तापमान ४८५ अंशांच्या घरात. दीड मिनिटात धूर काय मुरणार! जी मजा येते ती कडक आचेची, करपलेल्या ठिपक्यांची. भाकरीचंही तेच, ती आरावर फुगते, धुरावर नाही. आपण चवीच्या नावाखाली ज्याचं कौतुक करतो तो धूर जेवणात नाहीच, बाईच्या छातीत आहे.

"सरकारने काय केलं?" असं कुणी म्हणेल. केलं की. १९८० च्या दशकात देशभर निर्धूर चुलींचा कार्यक्रम सुरू झाला, २००२ च्या सुमारास केंद्राने तो गुंडाळला. २०१६ साली उज्ज्वला आली, दहा कोटींहून जास्त जोडण्या झाल्या. पण जोडणी मिळणं वेगळं आणि दर महिन्याला सिलेंडर भरणं वेगळं. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने शहरातल्या लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं. चांगलं झालं. शहराच्या हवेत धूर दिसला की निदान कोर्टात प्रश्न उभा राहतो. पडवीतल्या चुलीसाठी कोण याचिका करणार? तिचा धूर घराबाहेर पडेपर्यंत निम्मा एका बाईने गाळून घेतलेला असतो.

नुसतं धुराडं बसवून सुटतं, असंही मी म्हणत नाही. ओडिशात सुधारित चुलींचा काही वर्षं मागोवा घेतला गेला (हॅना, डफ्लो आणि ग्रीनस्टोन; शोधनिबंध २०१६ चा). पहिल्या वर्षी बायकांच्या छातीत जाणारा धूर कमी झाला, नंतर फरक उरला नाही. कारण चुली बिघडल्या, धुराडी साफ झाली नाहीत, वापर घटला. म्हणजे डिप्लॉय केलं आणि सपोर्टला कुणी नाही! आपल्या धंद्यात हे रोज होतं, तरी आपण गावाकडच्या बायकांना "त्यांना सवयच बदलायची नाही" म्हणून मोकळे होतो. माझ्या भट्टीचं धुराडं मी दर महिन्याला काथ्याच्या ब्रशने साफ करतो. कारण ती माझी हौस आहे.

म्हणून आता यादी केलीय. पाणी तापवायला गच्चीवर सोलर. सिलेंडरचे पैसे दर महिन्याला माझ्या खात्यातून, आईला मागायला लावायचं नाही. आणि तरी जी चूल पेटेल तिच्यावर धुराडं. मागच्या महिन्यात गवंडीमामांना घेऊन ते बसवलं. उरलेल्या निळ्या-पांढऱ्या तुकड्यांनी चुलीची कडा सजवावी अशी माझी आयडिया होती. आई म्हणाली, "त्या असू दे. आधी ते छपरातून जातंय तिथं पाऊस गळणार नाही ना बघ." बघितलं, गळणार होतं. पत्र्याची कॉलर बसवली.

आढं अजून काळंच आहे, ते एका महिन्यात जाणार नाही. आईचा दमही जाणार नाही, डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय.

ज्यांना भट्टी बांधायचीय त्यांनी जरूर बांधा, मापं वर दिली आहेत. पण विटा आणण्याआधी एकदा घरी जा आणि चुलीच्या वरचं आढं बघा. काळं दिसलं तर पहिला पाइप तिथे लावा. पिझ्झा आठवडाभर थांबेल.