गाडी पडते ती पडू द्या!

रविवारी सकाळी वस्तीत दोन आवाज हमखास ऐकू येतात. एक धुणे आपटल्याचा आणि दुसरा फरशीवर पाना पडल्याचा. आठवडाभर जी मोटरसायकल कामावर, बाजारात, दवाखान्यात पळाली, तिचे अंग मोकळे करण्याचा हा दिवस. गॅरेजवाल्याचे पैसे वाचतात आणि ते वाचावेत याला आमचे पूर्ण अनुमोदन आहे. पण या घरगुती दुरुस्तीत भल्याभल्यांची फजिती होते. काही फजिती हसून सोडण्यासारखी असते, तर काही बोटे घेऊन जाते. दोन्हींतला फरक घरातल्या सर्वांना कळावा, म्हणून आजचा हा विषय.

आधी हसण्यासारख्या गोष्टी पाहू. पाहुणे निरोप द्यायला दारात उभे आहेत आणि गाडी काही सुरू होत नाही. गृहस्थ किका मारून घामाघूम. मग प्लग काढतात, पुसतात, पुन्हा बसवतात. शेवटी घरातली शाळकरी मुलगी उजव्या मुठीजवळचे लाल बटण दाबते आणि पहिल्या किकला गाडी सुरू! इंजिन बंद करण्याचे ते बटण खेळताना कोणा पोराने फिरवलेले असते. जुन्या गाड्यांत पेट्रोलच्या कॉकचेही असेच. कॉक बंद आणि मालक कार्बुरेटर खोलून बसलेला! म्हणून पाना हातात घेण्यापूर्वी चार गोष्टी पाहा : टाकीत पेट्रोल, कॉक, लाल बटण आणि प्लगची टोपी. निम्मा घाम वाचेल.

जुन्या बुलेटची आणखी एक गंमत. तिचा गिअर उजव्या पायाशी आणि मागचा ब्रेक डाव्या पायाशी. इतर गाड्यांच्या नेमके उलटे. लग्नघाईत कोणी ती मागून नेतो, वळणावर सवयीने उजवा पाय दाबतो. ब्रेक लागत नाही, गिअर बदलतो आणि गाडी थेट मांडवाच्या दोरीत. दुसऱ्याची गाडी नेताना 'ब्रेक कुठे आहे?' असे विचारण्यात कमीपणा कसला?

कमीपणा वाटतो, हीच तर खरी अडचण आहे. मेन स्टँड लावताना पाहा. चार माणसे बघत असतात. गाडीवान दोन्ही हातांनी गाडी मागे खेचतो आणि ती पलीकडे कलंडते. खरे तर स्टँडचे दोन्ही पाय आधी जमिनीला टेकवायचे, मग आपले वजन पायाने स्टँडवर द्यायचे. गाडी आपोआप वर चढते. पावसाळ्यात साइड स्टँड चिखलात रुतते आणि गाडी हळूहळू आडवी होते. त्याखाली एक चपटा दगड ठेवला की काम झाले. पण एकदा गाडी कलंडलीच, तर लाजेखातर तिला धरून ठेवू नका. लहानातली लहान मोटरसायकलही शंभर किलोच्या आसपास भरते. गाडी पडते ती पडू द्या. आरसा फुटेल, लिव्हर वाकेल. ते बाजारात मिळतात, कंबर मिळत नाही.

ऑइल बदलण्याचा प्रसंग तर घरोघरीचा. जुने ऑइल काढले, नवे ओतायला घेतले आणि खालचा बोल्ट लावायचाच राहिला. विकत आणलेले नवे ऑइल ओट्यावरून गटाराकडे निघते आणि घरच्या बाईच्या हाती झाडू येतो. त्यावर लाकडाचा भुसा किंवा राख टाकावी, म्हणजे ते शोषले जाते. दुसरा प्रकार उलटा. बोल्ट सुटेल या भीतीने पान्याला पाइप लावून तो आवळतात. बोल्ट लोखंडी आणि इंजिनचा खालचा भाग ॲल्युमिनियमचा. जोर केला की आटे जातात ते इंजिनचे. प्लगचेही तसेच. आधी इंजिन गार होऊ द्या, प्लग हाताच्या बोटांनी पुष्कळ फिरवून बसवा आणि शेवटी पान्याने बेताने आवळा.

आटे गेले तर गेले, पण ते लपवू नका. घरात बोलणी बसतील म्हणून कोणी बोल्टला दोरा गुंडाळतो, कोणी काहीतरी चिकटवतो आणि गप्प बसतो. सोमवारी पहाटे धाकटा भाऊ पहिल्या पाळीला तीच गाडी नेतो. वाटेत ऑइल गळून जाते, इंजिन जाम होते. त्याचा खाडा पडतो तो वेगळाच. ब्रेकचे काम अर्धे राहिले असेल तर गोष्ट याहून वाईट. काम पुरे होईपर्यंत किल्ली खिशात ठेवा आणि घरात सर्वांना मोठ्याने सांगा : 'गाडी नेऊ नका.'

आता हसण्यापलीकडच्या गोष्टी. इंजिन चालू ठेवून, चाक फिरत असताना चेन पुसू नये. फडके चेनमध्ये जाते आणि त्यामागून बोट जाते. गाडी बंद करा, न्यूट्रलमध्ये घ्या, चाक हाताने थोडे थोडे फिरवा.

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड. ती जमिनीलगत पसरत स्टोव्हपर्यंत, अगरबत्तीपर्यंत जाते. म्हणून पेट्रोलचे काम घरात नको आणि टाकीत पाहायला काडीपेटी तर मुळीच नको. नळी तोंडाने ओढून पेट्रोल काढू नका. ते फुप्फुसात गेले तर जिवावर बेतते. कोणी गिळलेच तर उलटी करवू नका, तडक दवाखाना गाठा. पाण्याच्या बाटलीत पेट्रोल ठेवू नका. तहानलेले पोर वाचून पीत नाही.

चोरीच्या धास्तीने रात्री गाडी खोलीत घेणारी कुटुंबे पुष्कळ आहेत. घ्या, पण सकाळी ती बाहेर ढकलून मगच सुरू करा. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. बंद खोलीत झोपलेल्या लेकरांना तो कळतही नाही.

१ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ चे नियम लागू झाले आणि नव्या गाड्यांत बहुतेक ठिकाणी कार्बुरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आले. तिथे जुना अनुभव पुरत नाही. चेन, ऑइल, हवा घरी पाहा. आतले काम जाणत्याकडे द्या आणि तो काय करतो ते शेजारी उभे राहून शिका.

वस्तीत कोणा ना कोणाला हे काम येतेच. त्याला हाक मारा. मुलाबरोबर मुलीच्याही हाती पाना द्या. आणि कोणी अडाण्यासारखा प्रश्न विचारला तर हसू नका. आज आपण हसलो, तर उद्या तो विचारणार नाही आणि ब्रेक न तपासताच गाडी घेऊन कामाला जाईल.