आरोपपत्र तरी द्या!



गेल्या महिन्यात जबलपूरच्या आमच्या युनियन कार्यालयात एक निवृत्त मेल गार्ड आले. या पदाला आता ट्रेन मॅनेजर म्हणतात, पण आमच्यासाठी ते गार्डसाहेबच. हातात कापडी पिशवी आणि पिशवीत नऊ जाड वह्या. पेन्शनचे काम असेल असे आम्हाला वाटले. काम वेगळेच होते.

निवृत्तीनंतरची अकरा वर्षे गार्डसाहेबांनी आपल्या कुळाची वंशावळ जमविण्यात घालविली. कोकणातील मूळ गाव, सागर-जबलपूरकडे आलेल्या शाखा, नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या, हे सर्व त्यांनी पासावर प्रवास करून आणि पदरचे पैसे घालून पालथे घातले. कुळाच्या मंडळाने ती माहिती इंटरनेटवर चढविली. परदेशातील कुळबंधूही आपल्या पणजोबांचे नाव शोधू लागले. नंतर मंडळात अध्यक्षपदावरून दोन गट पडले. नव्या अध्यक्षांनी पासवर्ड बदलला आणि संकलकांच्या यादीतून गार्डसाहेबांचे नाव गाळले. ना पत्र, ना बैठक. विचारणा केली तर उत्तर आले, "तुम्ही पगारी थोडेच होता? स्वखुशीने करत होता. मग तक्रार कसली?"

गार्डसाहेब आम्हाला म्हणाले, "सेक्रेटरीसाहेब, छत्तीस वर्षांच्या नोकरीत मला दोनदा एसएफ-११ मिळाला. दोन्ही वेळा माझे लेखी उत्तर घेतले. इथे माझा गुन्हा काय, हेच कळत नाही."

कोणी म्हणेल, हा भाऊबंदकीचा मामला, कामगारांच्या पत्रिकेत कशाला? आमचे उत्तर असे की प्रश्न वंशावळीचा नाही. बिनपगारी श्रम करणाऱ्याला न्याय मागण्याचा हक्क आहे की नाही, हा प्रश्न आहे.

स्वयंसेवी कामातील फूट महाराष्ट्राला नवी नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी गावोगाव हिंडून जुनी दप्तरे गोळा केली आणि १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचे २२ खंड प्रसिद्ध केले. ७ जुलै १९१० रोजी खं. चिं. मेहेंदळे यांच्यासह त्यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केले. पुढे मतभेद झाले. आपणच उभारलेले मंडळ सोडून ते धुळ्यास गेले आणि ३१ डिसेंबर १९२६ रोजी तेथेच वारले. धुळ्यात त्यांच्या नावाने दुसरे मंडळ उभे राहिले. राजवाडे तापट होते, हे सर्वश्रुत आहे. दोष कोणाचा, याचा निवाडा आम्ही करीत नाही. पण ज्याने पाया घातला, त्याचे अखेरचे दिवस त्या वास्तूबाहेर गेले, एवढे खरे.

अमेरिकेतही हेच घडले. तेथे १९९६ साली स्वयंसेवकांनी इंटरनेटवर एक मोठा वंशावळ प्रकल्प सुरू केला. राज्याराज्यांत आणि जिल्ह्याजिल्ह्यांत एकेकाने विनामूल्य जबाबदारी घेतली. मंडळ निवडून आले, तसे वादही आले. कोणाला काढण्याचा अधिकार कोणाचा? जमविलेली माहिती कोणाची? हे भय पोकळ नव्हते. स्वयंसेवकांच्या श्रमावर वाढलेली रूट्सवेब ही दुसरी सेवा २००० साली एका व्यापारी कंपनीच्या ताब्यात गेली.

आता आपल्याकडे पाहा. संविधानाचे कलम ३११, रेल्वेचे १९६८ चे शिस्त व अपील नियम, टपालाचे १९६५ चे नियम या सर्वांचा गाभा एकच: आधी आरोप सांगा, मग ऐकून घ्या, त्यानंतरच शिक्षा करा. शिक्षेवर अपिलाला ४५ दिवस मिळतात. चौकशीविना बडतर्फी म्हणजे काय, हे १९८१ च्या लोको रनिंग आंदोलनात नियम १४ (दोन) खाली घरी बसलेल्या साथींच्या कुटुंबांना विचारा. टपालातील अतिरिक्त विभागीय एजंट, म्हणजे आजचे ग्रामीण डाक सेवक, यांना "तुम्ही अर्धवेळ, तुम्हाला कसले संरक्षण?" असे ऐकावे लागे. १९७७ साली राजम्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की त्यांचे पदही नागरी पद असून त्यांना कलम ३११ लागू आहे. "तुम्ही पुरते नोकर नाही" ही सबब तेथे टिकली नाही. मग "तुम्ही पगारी नव्हता" ही सबब आपण का मान्य करावी?

मात्र दुसरी बाजूही आहे. कार्यकारिणीला माणूस बदलण्याचा अधिकार असलाच पाहिजे. काही जुने कार्यकर्ते संस्थेचे दप्तर स्वतःची मिळकत समजून घरी दाबून ठेवतात, तेही चूकच. आमचा आक्षेप बदलाला नाही, बदलण्याच्या रीतीला आहे.

आणि आम्ही तरी कुठे धुतल्या तांदळासारखे आहोत? दोन वर्षांपूर्वी आमच्याच एका शाखेत खजिनदाराला नोटीस न देता हटविले. हिशेब तपासला, एका पैशाची खोट निघाली नाही. तो साथी आजही मेळाव्याला येत नाही. प्रशासनाकडे नैसर्गिक न्याय मागणाऱ्या आम्ही तो आपल्याच माणसाला नाकारला. ही चूक आमची आहे आणि ती आम्ही येथे कबूल करतो.

म्हणून कुळमंडळ असो, पतपेढी असो, गणेशोत्सव समिती असो वा युनियनची शाखा, आमचे म्हणणे एवढेच:

१) कारण लेखी दिल्याशिवाय कोणालाही कामावरून दूर करू नये.
२) त्याचे म्हणणे ऐकावे, आणि तक्रार करणाऱ्यानेच निवाडा करू नये.
३) सभासदांच्या सभेपुढे अपिलाची सोय असावी.
४) माणूस गेला तरी त्याने केलेल्या कामावर त्याचे नाव राहावे.

गार्डसाहेबांच्या मंडळाला आम्ही विनंतीपत्र पाठविले आहे. उत्तर अद्याप आलेले नाही. त्या नऊ वह्यांची झेरॉक्स प्रत काढून ठेवली आहे. आमच्या त्या खजिनदाराकडे मात्र पत्र पाठवून भागणार नाही. येत्या रविवारी आम्ही स्वतः त्याच्या क्वार्टरवर जाणार आहोत.

कामगार एकजुटीचा विजय असो!